एकट्याचा आवाज

माझ्या कानांबद्दल मी स्वतः फारसं बोलत नाही. तशी वेळच येत नाही, लोकच बोलतात. पण विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या पंख्यांच्या कारखान्यात गेली सव्वीस वर्षं मी फक्त ऐकायचं काम करतो. छताला टांगायचा पंखा तयार झाला की खोक्यात जाण्याआधी तो आमच्या खोलीत येतो. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या आहेत आणि दार इतकं जाड आहे की बाहेर कोणी बोंबललं तरी आत पत्ता लागत नाही. पंखा एक मिनिट फिरतो आणि मी ऐकतो. बेअरिंगमध्ये धुळीचा एक कण असला तरी मला कळतं. कुठल्या बाजूला आहे तेही कळतं!

खोलीत आम्ही दोघं असतो. दुसऱ्याला सगळे मुनी म्हणतात, कारण तो दिवसाला सहा-सात शब्दांच्या वर बोलत नाही. आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसतो. मिनिट संपलं की दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचं. दोघांचं ‘आहे’ आलं तर पंखा परत. एकाचं ‘आहे’ आणि एकाचं ‘नाही’ आलं, तर पंखा पास आणि ज्याने ‘आहे’ लिहिलं त्याच्या नावापुढे वहीत एक फुली! या फुलीला आमच्याकडे ‘एकट्याचा आवाज’ म्हणतात. म्हणजे आवाज पंख्यात नाही, तुमच्या कानात आहे. महिन्यात दहा फुल्या झाल्या की कान तपासायला पाठवतात, आणि तपासणीत नापास झालेला माणूस थेट पॅकिंगमध्ये जातो. सव्वीस वर्षांत माझ्या फुल्या किती? चार! त्यातल्या दोन मुनीला सर्दी झाली होती म्हणून.

तर अशा माणसाने सात महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली. शोरूममध्ये लोक मायलेज विचारतात, रंग बघतात. मी डोळे मिटून दारं लावून बघितली. प्रत्येक दार अकरा वेळा. चौथ्या दारापर्यंत विक्रेत्याने स्वतःसाठी खुर्ची मागवली होती. शेवटी एक गाडी मला पसंत पडली. आत बसून काच वर केली की आमच्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं. सहा महिने त्या गाडीतून चूं की चां ऐकू आलं नाही.

आणि मग एका रविवारी मेहुणीकडे जाताना पुलाच्या अलीकडे, जिथे रस्ता जरा खडबडीत आहे, तिथे तो आला. खड्. खड्खड्. खड्.

“ऐकलंस?” मी बायकोला विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती.

“अगं, ऐकलंस का?” मी तिच्या कोपराला हात लावला.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. “काय?”

“आवाज! खडखड! तुझ्या बाजूने येतोय.”

“नाही बाई.”

“नीट ऐक. हा बघ! आत्ता आला!”

तिने कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरकी केली, अगदी मन लावून ऐकलं. “नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्ही समोर बघा. गाडी चालवताना बोलत जाऊ नका.”

बायकोच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, तिने मला कधी खोटं सांगितलेलं नाही. उलट खरं सांगून सांगूनच तिने मला जेरीला आणलं आहे. तिला आवाज आला असता तर ती ‘आला’ म्हणाली असती. म्हणजे इथे एकाचं ‘आहे’ होतं आणि एकाचं ‘नाही’. नियमाप्रमाणे गाडी पास आणि फुली माझ्या नावावर.

सोमवारी मी एकटाच त्या पुलापर्यंत जाऊन आलो. आवाज नाही! मंगळवारी गेलो, नाही. बुधवारी बायकोला दवाखान्यात सोडायचं होतं, तिचं काहीतरी नेहमीचं काम होतं तिथे. निघाल्याबरोबर खड्खड् सुरू!

“आता तरी?”

“नाही हो,” ती म्हणाली आणि पर्स पायाशी ठेवून बाहेर बघत राहिली.

शनिवारी सुट्टी होती. मी गाडी खोलायला घेतली. मनात आराखडा पक्का होता. प्रत्येक स्क्रूजवळ खडूने नंबर टाकायचा, स्क्रू स्वयंपाकघरातल्या वाट्यांमध्ये क्रमाने ठेवायचे, आणि बायकोच्या बाजूचा एकेक भाग काढून हलवून बघायचा. दुपारपर्यंत इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या सगळ्या सीट ओळीने मांडून झाल्या होत्या. मागच्या सीटवर तळमजल्यावरचे आजोबा पेपर वाचत बसले. “छान आहे हो,” ते म्हणाले, “पाठीला बरी वाटते.” मी दाराची अस्तरं काढली, पायाखालचा गालिचा काढला, डॅशबोर्डाचा कप्पा काढला. एक पेन, एक बटण आणि शोरूमचा एक कागद एवढं सापडलं. खडखडण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी गाडी पुन्हा जोडून झाली तेव्हा एका वाटीत सात स्क्रू शिल्लक होते. खडूचे नंबर आजोबांच्या पँटला लागून गेले होते, त्यामुळे कुठला कुठे हे विचारायची सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मेहुणीकडे जाताना जुनी खडखड जशीच्या तशी होती. शिवाय करकर आणि टिकटिक असे दोन नवे आवाज सोबतीला आले होते. ते दोन मीच तयार केलेले असल्यामुळे त्यांच्याबद्दल मी बायकोला काही विचारलं नाही.

मग गॅरेज गाठलं. गॅरेजवाला शांत, जाडजूड, कोपरापर्यंत तेलात बुडालेला माणूस होता. करकर आणि टिकटिक हे दोन्ही आवाज त्याने दहा मिनिटांत बंद केले. मी खिशातून काढून दिलेले सात स्क्रू त्याने एक शब्द न बोलता जागच्या जागी लावले.

“आता तो जुना आवाज,” मी म्हणालो.

आम्ही दोघं चाळीस मिनिटं फिरलो. पुलावरून चार वेळा गेलो. गाडी गप्प!

“कधी येतो म्हणालात?” त्याने विचारलं.

मी प्रामाणिकपणे विचार केला. “बायको शेजारी असली की येतो.”

त्याने बराच वेळ हात पुसले. “साहेब, ते काम आमच्याकडे होत नाही.”

पण माणूस चांगला होता. त्याने गंभीरपणे दुसरा मुद्दा काढला. शेजारच्या सीटवर वजन पडलं की खालची एखादी पट्टी हलत असेल. “वहिनींचं वजन किती?” मला माहीत नव्हतं. मी तिथूनच घरी फोन लावला.

“तुझं वजन किती आहे गं?”

“कशाला?”

“गॅरेजवाल्याला हवंय.”

फोन बंद झाला. शेवटी अंदाजाने पोत्यात जुने गिअर भरले, पोतं सीटवर बसवलं, त्याला पट्टा लावला आणि पुन्हा पूल गाठला. पोतं सबंध वाटभर माझ्या शेजारी निमूट बसून होतं. आवाज आला नाही.

गॅरेजवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “गाडी ठणठणीत आहे साहेब. तुम्ही जरा आराम करा.”

घरी येताना मी सगळं मनात मांडून पाहिलं. बायको नसते तेव्हा आवाज नसतो. बायको असते तेव्हा मला आवाज येतो, पण तिला येत नाही. म्हणजे आवाज गाडीत नाहीच! माझे कान गेले!

एकदा ही शंका डोक्यात शिरली आणि कामावर माझा धीरच सुटला. प्रत्येक पंख्यात मला खडखड ऐकू येऊ लागली. येते की येईल असं वाटतं, हेच कळेना. सोमवारी तीन फुल्या. मंगळवारी चार. बुधवारी मी घाबरून एका खरोखर खरखरणाऱ्या पंख्याला ‘नाही’ लिहिलं आणि मुनीने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. गुरुवारी दुपारपर्यंत फुल्यांचा आकडा अकरावर गेला आणि शिफ्टच्या साहेबांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत.

“काका, सोमवारी कान तपासून या,” ते वहीकडे बघत म्हणाले.

“आणि नापास झालो तर?”

त्यांनी काचेबाहेर बघितलं. काचेतून पॅकिंग विभाग दिसत होता. तिथे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावतात. ती ओढताना जो चर्रर्र आवाज होतो ना, तो शंभर हातांनी एकदम होतो. मी घाबरलो. खोटं कशाला बोलू, फार घाबरलो. मला ऐकण्याखेरीज दुसरं काहीच येत नाही. माझी खुर्ची गेली तर मी कोण, हे मलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी मी रजा टाकली. माझ्याकडे एकच उपाय उरला होता. आवाज बायको असतानाच येतो ना? मग गाडी बायकोने चालवायची आणि मी डिकीत झोपून ऐकायचं. डिकीत अंधार असतो, अस्तर असतं, आवाज कुठून येतो ते नेमकं कळतं. मोबाइल मी पुढच्या सीटवर ठेवला. तो मध्येच थरथरला असता तर प्रयोग बिघडला असता.

“हे बघ,” मी बायकोला समोर उभं करून समजावलं. “पुलाकडे जायचं. मी आतून दोन थापा मारीन, तेव्हा थांबायचं. दोन थापा पडेपर्यंत काहीही झालं तरी थांबायचं नाही! कळलं?”

“डिकीत?” ती म्हणाली.

“माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मग मुकाट्याने डिकी उघडली. मी आत गुडघे पोटाशी घेऊन झोपलो. झाकण लागलं.

पुलाजवळ खड्खड् आलीच. पुढून, तिच्या बाजूने! आता चूक होणं शक्य नव्हतं. मी दोन थापा मारल्या. गाडी चालू राहिली. मी दोन जोरात मारल्या. गाडी चालू राहिली. मी चार मारल्या, दहा मारल्या, हाका मारल्या, लाथा मारायला जागा नव्हती म्हणून डोकं आपटलं. गाडी आपली एका लयीत चालली होती. पूल मागे पडला. मग मला गावाबाहेरच्या ट्रकांचे आवाज ऐकू यायला लागले. मग गुरांचे. एक वेळ अशी आली की मी थापा मोजणंही सोडून दिलं आणि आयुष्यात बायकोला काय काय बोललो ते आठवत पडून राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. पेट्रोलचा दिवा लागला असणार, कारण गाडी थांबली आणि पंपाचा वास आला. मी उरलीसुरली ताकद लावून बडवायला सुरुवात केली.

“बाई,” पंपावरच्या माणसाचा आवाज आला, “डिकीत कोण आहे?”

मग बायको म्हणाली, “माझे मिस्टर.”

“जिवंत आहेत?”

“आहेत की. आवाज ऐकतायत.”

डिकी उघडली तेव्हा पंपावरची चार माणसं आणि एक ट्रक ड्रायव्हर माझ्याकडे वाकून बघत होते. मी बाहेर आलो, कपडे झटकले आणि जमेल तेवढ्या रुबाबात पुढच्या सीटवर जाऊन बसलो. गाडी रस्त्याला लागल्यावर हाताने खूण करून तिला कडेला थांबवायला लावलं.

“दोन थापा मारल्या मी! दोनशे मारल्या! तुला ऐकू नाही आल्या?”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता.

“आल्या,” ती हळूच म्हणाली.

“मग थांबली का नाहीस?”

“राग आला होता. गाडी खोलून ठेवलीत, गॅरेजवाल्यासाठी माझं वजन काय विचारता! मुद्दाम नाही थांबले.”

मुद्दाम! एकोणतीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिने मला मुद्दाम चाळीस किलोमीटर डिकीतून नेलं! मला रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

शनिवारी मी मुनीच्या घरी गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. सोमवारची तपासणी, पॅकिंग, खडखड, सगळं. “उद्या तू गाडीत बसून ऐक,” मी म्हणालो. “तुझं ‘नाही’ आलं तर मी तपासणीलाच जाणार नाही. सरळ जाऊन चिकटपट्टी हातात घेतो.”

“येतो,” मुनी म्हणाला.

बायको यायला तयार नव्हती. “मला कशाला नेता? तुम्ही दोघं ऐका ना.” पण ती नसेल तर आवाजच येत नाही, हे मी तिला दोन दिवसांचा अबोला सोडून समजावलं. आली बिचारी. मुनी मागे बसला. कारखान्यातून आणलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या मी तिघांना वाटल्या. पुलावरून जायचं, पलीकडे मोकळ्या जागेत गाडी थांबवायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही, लिहायचं आणि चिठ्ठी उलटी ठेवायची.

पूल आला. खड्. खड्खड्. खड्. आरशात बघायची हिंमत झाली नाही. गाव मागे पडल्यावर मी गाडी थांबवली, लिहिलं आणि चिठ्ठ्या उलटल्या. माझी: ‘आहे.’ बायकोची: ‘नाही.’ मुनीची: ‘आहे.’

“आहे!” मी ओरडलो. “मुनी, आहे ना रे? आहे ना?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझे कान शाबूत होते! माझी खुर्ची शाबूत होती! मी मुनीचा हात धरून हलवत राहिलो. मग लक्षात आलं की त्याच्या चिठ्ठीवर खाली आणखी एक शब्द आहे. आमच्याकडे आवाज कुठे आहे तेही लिहायचं असतं. मुनीने लिहिलं होतं, ‘पर्स.’

“पर्स!” मला हसू आवरेना. “अगं, तुझ्या पर्समध्ये आहे! आणि मी अख्खी गाडी खोलली!” मी तिच्या पायाशी वाकलो.

तिने पर्स एकदम उचलून छातीशी धरली. “नको.”

“अगं, दाखव तर.”

“अहो, नको ना.”

पण मी जिंकलेलो होतो. मी पर्स ओढून घेतली, हलवली, आत हात घातला आणि एक हिरवट प्लॅस्टिकची डबी बाहेर काढली. कानाशी नेऊन हलवली. खड्खड्! “हाच! हाच तो!” मी म्हणालो आणि डबी उघडली.

आत बटणासारखे चार सेल इकडून तिकडे गडगडत होते. त्यांच्यामध्ये कातडीच्या रंगाचं, घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, त्याला बारीक नळी होती. कानाचं मशीन होतं ते.

“हे कोणाचं?” मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल.

मागचं दार उघडलं. “मी चालत जातो,” मुनी म्हणाला. गाव तिथून नऊ किलोमीटर होतं. त्याने दार इतकं हळू लावलं की मलासुद्धा आवाज आला नाही.

बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. “मी खोटं नाही लिहिलं,” ती म्हणाली. “मला खरंच ऐकू नाही आला.”

“कधीपासून?”

“पाच वर्षं होतील. मशीन घेऊन दोन. ही डबी मात्र गेल्या महिन्यातली, आधी रुमालात बांधून ठेवायचे.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्हाला?” ती म्हणाली. “रोज घरी येऊन नापास झालेल्या पंख्यांबद्दल कसं बोलता, ते मला माहीत आहे.”

मी डबीतल्या सेलांकडे बघत राहिलो.

“मग लावत का नाहीस?”

“लावते की. तुम्ही कामावर गेलात की लावते. ताईकडे गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन लावते. जिन्यात तुमची पावलं वाजली की काढते. त्याची मध्येच शिट्टी वाजते हो, तुम्ही पहिल्याच दिवशी पकडलं असतंत! डिकीतूनसुद्धा पकडलं असतंत, म्हणून त्या दिवशी नाही लावलं.”

“म्हणजे त्या थापा?”

“एकही नाही ऐकू आली.” तिने डबी माझ्या हातातून काढून घेतली. “मला सारखं वाटत होतं, आत गुदमरले तर नसतील? पण थापा पडेपर्यंत थांबू नको म्हणून तुम्हीच बजावलं होतंत. आणि मधे थांबले असते तर विचारलं असतंत, का थांबलीस.”

“मुद्दाम केलं म्हणालीस ना?”

“बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं.”

मला लाज वाटली. सव्वीस वर्षं मी धुळीच्या कणाचा आवाज ओळखत होतो आणि पाच वर्षं माझ्या घरात, माझ्या समोर बसलेल्या बाईला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं, हे मला कळलं नव्हतं. “मग मी रोज संध्याकाळी बोलतो ते?” मी विचारलं.

“तोंडाकडे बघते. बरंचसं कळतं. तुम्ही हसलात की हसते. गाडीत मात्र काही कळत नाही, तुम्ही समोर बघता.”

परत येताना मुनी रस्त्याच्या कडेने चालताना दिसला. मी गाडी थांबवली, तो मागे बसला. घर येईपर्यंत कोणी बोललं नाही. खडखडही आली नाही, कारण डबी तिने हातात घट्ट धरली होती.

सोमवारी तपासणी झाली. एका लहानशा खोलीत मला बसवलं, कानांवर मोठे गोळे चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी प्रत्येक वेळी बटण वेळेवर दाबलं. “पन्नाशीनंतर असे कान मी अजून पाहिले नाहीत,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून दिलं. शिफ्टच्या साहेबांनी उभं राहून हात मिळवला. माझी खुर्ची मला परत मिळाली. मी तिच्यावर बसून दुपारभर पंखे ऐकले, एकही फुली पडली नाही. डॉक्टरांचा कागद मात्र मी घडी घालून पाकिटात अगदी आत सरकवून ठेवला. तो घरी कोणाला दाखवावा असं मला वाटेना.

संध्याकाळी जिन्याशी आल्यावर मी बूट काढून हातात घेतले आणि चवड्यांवर चढायला सुरुवात केली. पावलं ऐकून तिने मशीन काढू नये एवढीच इच्छा होती. दुसऱ्या मजल्यावर आलो तर दार उघडंच होतं आणि ती दारात उभी होती. मशीन कानात होतं.

“बूट हातात घेऊन काय येताय?” ती म्हणाली. “मोज्यांचा आवाज येतो तुमच्या.”

आम्ही चहा घेऊन टेबलाशी समोरासमोर बसलो. तिने केस मागे सारले, मशीन बोटाने नीट बसवलं. बारीकशी शिट्टी वाजली. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी काही ऐकलंच नाही असं दाखवून चहात साखर ढवळत राहिलो. न घाबरता, मुद्दाम खोटं ‘नाही’ मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं म्हणा ना!

“बोला,” ती म्हणाली. या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, डोळ्यांकडे बघत होती.

पाच वर्षांनी बायको मला ऐकणार होती. मी सरसावून बसलो, कप बाजूला केला आणि म्हणालो, “आज दोनशे दहा पंखे आले. त्यातल्या एकाच्या बेअरिंगमध्ये...”

तिने शांतपणे ऐकून घेतलं. बेअरिंग, त्यातला कण, तो कुठल्या बाजूला होता, मुनीने काय लिहिलं, सगळं. माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “हे मला मशीनशिवायही कळायचं. दुसरं काहीतरी सांगा.”

त्याला आज नऊ दिवस झाले. मी अजून विचार करतो आहे.